शंभर टक्के कशाचे? आरोग्यसेवा सुधारू पाहणाऱ्या डॉक्टरांचं नेतृत्व-शिक्षण

आजचा विषय आहे डॉक्टरांचं नेतृत्व-शिक्षण. आपल्या कागल-भुदरगड भागात 'नेतृत्व' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी निवडणूक येते, पॅनेल येतं, फ्लेक्स येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, त्या नेतृत्वाबद्दल आज मी बोलणार नाही. मला जे नेतृत्व म्हणायचंय ते साधं आहे. एखादा प्रश्न एकट्या डॉक्टरच्या हातानं, औषधानं किंवा टाक्यानं सुटत नाही, तो दहा माणसांनी मिळून काम केलं तरच सुटतो. अशा वेळी त्या दहा माणसांना एकत्र कसं आणायचं? हे शिकता येतं का, आणि शिकवता येतं का?

आधी अडचण कुठे आहे ते बघू. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, शेवटच्या इंटर्नशिपसह, मुलगा किंवा मुलगी काय शिकते? समोर आलेला एक रुग्ण तपासायचा, निदान करायचं, उपचार करायचे. ही फार मोठी विद्या आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यानंतर बाँडच्या नोकरीत हीच चोवीस-पंचवीस वर्षांची व्यक्ती एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून बसते. सपाट भागात अशा एका केंद्रामागे साधारण ३० हजार लोकसंख्या धरलेली असते. हाताखाली नर्स, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन, ड्रायव्हर आणि गावोगावच्या आशाताई. यातल्या निम्म्या लोकांची नोकरी डॉक्टरच्या वयापेक्षा थोडीच कमी असते! आदल्या दिवशीपर्यंत एका रुग्णाचा विचार करणाऱ्या डॉक्टरला आता ३० हजारांचा विचार करायचा असतो, आणि तो कसा करायचा याचा तास कॉलेजात फारसा झालेला नसतो.

हे सरकारलाही उमगलेलं आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांतली एक स्पष्टपणे आरोग्य-पथकाचा नेता आणि सदस्य अशी आहे. दोन्ही शब्द एकत्र आहेत हे लक्षात घ्या. जो पथकाचा साधा सदस्य होऊ शकत नाही, त्याला नेता होता येणार नाही.

आता इथलंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचं गाळप सुरू झालं की टोळ्या येतात. त्यांतल्या बऱ्याच बीडकडच्या. समजा, बीड जिल्ह्यात ऑक्टोबरच्या शेवटी एक मूल जन्मलं. जन्मल्याबरोबरच्या लसी तिकडेच झाल्या. थोड्या दिवसांनी आईबाप कोयता घेऊन इकडे आले. पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तिन्ही तारखा फडावरच्या खोपीत असतानाच्या!

हे मूल कुणाच्या यादीत आहे? बीडच्या आशाताईच्या यादीत आहे, पण ते तिथे नाही. इथं आहे, पण इथल्या आशाताईच्या यादीत नाही. यादी घरांची असते आणि खोपीला घरनंबर नसतो. त्यामुळं इथल्या केंद्राचं लसीकरण कागदावर शंभर टक्के होऊ शकतं. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, आणि तरीही एक मूल लसीशिवाय राहतं. नेतृत्वाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर इथं एकच प्रश्न विचारतो: शंभर टक्के, पण कशाचे?

हा प्रश्न वेळेवर विचारला नाही तर काय होतं, त्याचंही उदाहरण याच लोकांचं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया एकेका टेबलावर, एकेका बाईपुरती ठरलेली होती. एकेक केस बघणाऱ्याला चित्र दिसत नाही. सगळ्या मिळून मोजल्या तेव्हा ते दिसलं. खाडा पडला की मजुरी बुडते, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. दुखण्याची मुळं तिथपर्यंत जातात. ती काही सोनोग्राफीत दिसत नाहीत.

मग या शिक्षणात नेमकं शिकवतात काय?

पहिली गोष्ट, मोजणं. पण कशासाठी मोजायचं ते महत्त्वाचं. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजतात. फॅट कमी लागली तर आपण म्हशीला नोटीस देतो का? नाही. वैरण बदलली का, पेंड कमी पडली का, ते बघतो. आपल्या सरकारी दवाखान्यांत मात्र आकडा म्हणजे बहुतेक वेळा नोटिशीची तयारी. ज्या आकड्यावरून शिक्षा होते, तो आकडा हळूहळू खोटा होत जातो. सुधारण्यासाठी मोजायचं असेल तर आधी माणसांची भीती घालवावी लागते, आणि हे काम प्रमुखाचंच.

दुसरी गोष्ट, बदल छोटा करून बघणं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयानं मिळून यासाठी चार पायऱ्यांची सोपी पद्धत बसवलेली आहे. एक प्रश्न निवडून पथक करा. कारणं शोधा आणि मोजमाप ठरवा. बदल लहान प्रमाणावर करून बघा. जमला तर तो रोजच्या कामात मुरवा.

आपल्या उदाहरणाला हे लावून बघू. टोळ्या कुठं आहेत हे डॉक्टरला ठाऊक नसतं, पण कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असतं. आज कुठल्या फडात तोड आहे हे चिटबॉय सांगेल. म्हणजे पथकात आशाताई आणि नर्सच्या बरोबरीनं चिटबॉय आणि मुकादमही आले. मग एकच टोळी निवडायची. दोन वर्षांखालची मुलं किती, लसीकरणाचं कार्ड किती जणांकडं आहे, एवढंच मोजायचं. सकाळी दहाला गेलात तर तिथं कुणी भेटणार नाही, माणसं पहाटेच फडात गेलेली असतात. म्हणून संध्याकाळी जायचं. तरी एखादी आई नको म्हणेल. का, ते विचारायचं. ती सांगेल, "सुई दिली की पोराला ताप येतो, रात्रभर जागरण, सकाळी खाडा." यावर लसीचं महत्त्व सांगणारं भाषण उपयोगाचं नाही. तोड नसलेला दिवस मुकादमाला विचारून घ्यायचा, तापाचं औषध हातात द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आशाताईनं एक फेरी मारायची. एका टोळीत जमलं तर पाच टोळ्यांत, मग सगळ्या गटांत. नाही जमलं तर एक संध्याकाळ गेली, बाकी नुकसान काही नाही.

तिसरी गोष्ट, लहानाला बोलू देणं. डॉ. अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतले सर्जन, त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी केली. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एक बाब अशी आहे की चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. कारण ज्या नर्सनं एकदा तोंड उघडलेलं आहे, ती पुढे "सर, थांबा, बाजू चुकतेय" हेही म्हणू शकते. आपल्याकडं 'साहेबांना कसं सांगायचं' यापायी किती गोष्टी अडतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

चौथी गोष्ट, दवाखान्याच्या भिंतीबाहेर बघणं. यात महाराष्ट्राला कुणाकडं शिकायला जायची गरज नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. लोकांनी आधी मागितलं पाणी आणि अन्न, आणि त्यांनी तिथूनच सुरुवात केली. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढं जगभरातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतला नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. त्यांनीच २००६ मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. त्यातून अनेक तरुण डॉक्टर ग्रामीण सेवेकडं वळले.

आणि आपल्या शेजारचं सांगायचं तर जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची स्थापना करणारे. ते डॉक्टर नव्हते, शिक्षणतज्ज्ञ होते. पण 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावर समाजविज्ञान आणि वैद्यकीय अशा दोन राष्ट्रीय संशोधन परिषदांच्या अभ्यासगटाचा जो अहवाल १९८१ मध्ये आला, त्यामागं त्यांचा मोठा वाटा होता. आरोग्यसेवा लोकांपासून सुरू होऊन वर जावी, ही त्याची दिशा. ती अजून पुरती अमलात आलेली नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. प्रशिक्षण दिलं की सगळं सुधारतं, असं समजू नका. गावंडे यांच्याच गटानं उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत प्रसूतीसाठी तपासणी-यादी आणि सोबत मार्गदर्शक असा मोठा प्रयोग केला. दीड लाखांहून जास्त मातांचा अभ्यास झाला. मार्गदर्शक येत होते तेव्हा, दोन महिन्यांनी, योग्य कृतींचं प्रमाण ७३ टक्के होतं. इतर केंद्रांत ४२. मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, ते ६२ पर्यंत घसरलं. आणि माता-बालकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष त्यांनी उघडपणे छापले. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. त्यातून आपण एवढं तरी घ्यावं की एका कार्यशाळेनं आणि प्रमाणपत्रानं भागत नाही, सोबत दीर्घकाळ लागते. आणि रक्त, औषध, वेळेवर गाडी, पुढचं रुग्णालय या गोष्टी नसतील तर नुसत्या चांगल्या सवयी जीव वाचवायला पुऱ्या पडत नाहीत.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला: "हे सगळं डॉक्टरनंच करायचं, तर पेशंट बघायचे कधी?"

प्रश्न रास्त आहे. डॉक्टरनं सगळं करायचं नाही. ज्या केंद्रात सगळं डॉक्टर करतो, तिथं त्याची बदली झाली की दुसऱ्या दिवशी सगळं बंद पडतं. आपण मेडिकल ऑफिसर चांगला होता की नाही हे त्याच्या निरोप समारंभातल्या भाषणांवरून ठरवतो. त्याऐवजी तो गेल्यावर सहा महिन्यांनी काय चालू आहे ते बघा. संध्याकाळची फेरी चालू आहे का? खोपीवरच्या मुलांची यादी अजून होते का? आणि हे बघणं तुमचंही काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. पुढच्या बैठकीला जा. केंद्राचा आकडा वाचून दाखवतील, तेव्हा हात वर करून विचारा की यात टोळ्यांवरची मुलं धरलीत का. नवीन डॉक्टर असेल तर सुरुवातीला गांगरेल. पण तो चांगला असेल तर वहीत लिहून घेईल आणि तुम्हालाच विचारेल, "तुमच्या शिवारात सध्या किती टोळ्या उतरल्यात?" तेव्हा उत्तर तयार ठेवा.