ढुंडी गावाने काढली विजेची डेअरी



रब्बीत रात्री दहाला लाईट येते आणि पहाटे जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे, आणि गव्हाला दारे धरायला निघालेला माणूस. घरी बायकामुलांचा जीव टांगणीला. सापाची भीती वेगळी, आणि आता काही भागांत बिबट्याचीही.

मागच्या हिवाळ्यात एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीची सभा घेत होतो. कामगंध सापळे एकरी किती लावायचे हे सांगून झाले, तसे एक आजोबा उठले. म्हणाले, "सायेब, अळीचं बघू आमी. दिवसा लाईट कधी मिळंल तेवढं सांगा." सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हते. तेवढ्यात मागून एका तरुणाने विचारले, "मी सौरपंप बसवलाय. पाणी दिवसा मिळतं, झकास. पण भिजवण संपली की पॅनल नुसतीच ऊन खात उभी राहतात. ती वीज कंपनीला इकता येत नाही का?"

दोन माणसांचे हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते समजून घ्यायला आपल्याला शेजारच्या गुजरातेत जावे लागेल.

उन्हाचे पीक

खेडा जिल्ह्यातल्या ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांचे ओलीत डिझेल इंजिनावर चाले. आणंद येथे 'आयडब्ल्यूएमआय-टाटा' या नावाचा पाण्याच्या धोरणावर अभ्यास करणारा कार्यक्रम आहे. त्यातले डॉ. तुषार शहा आणि त्यांचे सहकारी यांनी एक विचार मांडला. ऊस, कापूस, तंबाखू ही जशी पिके, तसेच ऊन हेही पीक का धरू नये? पंपाला लागेल तेवढी वीज शेतकऱ्याने वापरावी आणि उरलेली वीज कंपनीला मोजून विकावी.

आधी २०१५ मध्ये आणंद जिल्ह्यातील थामणा गावी एका शेतकऱ्याकडे हा प्रयोग करून पाहिला. मग ढुंडीत सहा शेतकऱ्यांनी मिळून सहकारी मंडळी स्थापन केली. नाव 'ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी'. २०१६ पासून या मंडळीची वीज कंपनीच्या तारेत जाऊ लागली आणि पुढे सभासद नऊ झाले. सौर सिंचनाची ही जगातली पहिली सहकारी संस्था मानली जाते.

मध्य गुजरात वीज कंपनीने मंडळीशी २५ वर्षांचा खरेदी करार केला, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. सुरुवातीच्या काळात अभ्यास करणाऱ्या संस्थेने स्वच्छ विजेसाठी सव्वा रुपया आणि पाणी वाचवण्यासाठी सव्वा रुपया, असे युनिटमागे अडीच रुपये वरून दिले.

कंपनी तयार का झाली?

बंधूंनो, या गोष्टीतला खरा धडा इथे आहे. एकटा शेतकरी वीज कंपनीच्या दारात गेला आणि "माझी पाच-दहा युनिटे घ्या" म्हणाला, तर कंपनी काय म्हणेल? त्याच्यासाठी वेगळे मीटर, वेगळे रीडिंग, वेगळे बिल, वेगळा करार. वीज थोडी आणि कटकट मोठी. कंपनीचेही त्यात चुकत नाही.

आता दुधाचे उदाहरण घ्या. टँकर प्रत्येकाच्या गोठ्यापुढे थांबत नाही. आपण दूध केंद्रावर नेतो, तिथे माप होते, फॅट लागते, आणि टँकर सगळ्यांचे दूध एकदम उचलतो. खेडा जिल्हा तर दूध संघाचे माहेरघर, तिथला संघ १९४६ सालचा. ढुंडीने विजेसाठी हेच केले. सगळ्या सभासदांची उरलेली वीज एकत्र करून एकाच ठिकाणी कंपनीच्या तारेला जोडली. कंपनीने मोजायचे ते एकच मीटर. कोणाची किती वीज गेली याचा आतला हिशेब मंडळीने ठेवायचा. कंपनीला एकच गिऱ्हाईक, एकच करार, एकच धनादेश.

सभासदांनीही एक मोठी गोष्ट सोडली. २५ वर्षे सवलतीच्या दराची शेतीची वीजजोडणी मागणार नाही, असे त्यांनी मान्य केले. त्यामुळे कंपनीला दोन्हीकडून फायदा झाला. सवलतीचा बोजा वाढला नाही आणि गावातच तयार झालेली वीज गावातच मिळाली. लांबून वीज आणताना तारांमध्ये होणारी गळतीही वाचली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंची असली तरच करार टिकतो, हे लक्षात ठेवा.

पाण्याचे काय?

फुकट वीज मिळाली की पंप चोवीस तास चालतो, हा आपला अनुभव. सौरपंपाचेही तेच भय आहे, कारण उन्हाला बिल येत नाही. पण उरलेली वीज विकता येत असेल, तर शेतकरी बटण दाबण्याआधी विचार करतो. या पाळीची खरंच गरज आहे का, की तेवढी युनिटे विकलेली बरी? पाण्याला न लावता किंमत लागते ती अशी. ढुंडीच्या सभासदांनी शेजाऱ्यांनाही पाणी विकले आणि ते डिझेलच्या पाण्यापेक्षा स्वस्त पडले.

धुराचा हिशेब

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या केंद्रातली एक युनिट वीज म्हणजे जवळपास एक किलो. हवामान बिघडल्याचा फटका कोणाला बसतो ते तुम्ही गारपिटीत आणि अवकाळीत पाहिलेच आहे. धूर कमी करण्याचे काम मोठ्या कारखान्यांचे तर आहेच, पण आपला पंपही त्या हिशेबात येतो.

सगळेच गोड नाही

उगाच गुलाबी चित्र रंगवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम नव्हे. ढुंडीच्या पॅनलचा बहुतेक खर्च संस्थेने केला होता, शेतकऱ्यांचा वाटा लहान होता. नऊ जणांचा प्रयोग आणि नऊ हजारांचा कारभार यांत फरक असतो. आणंद जिल्ह्यात मुजकुवा गावी पुढे अशीच मंडळी निघाली. गुजरात सरकारने २०१८ मध्ये 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली, तीत पहिली सात वर्षे युनिटला सात रुपये आणि नंतरची १८ वर्षे साडेतीन रुपये असा दर ठरला. म्हणजे दर कायम चढा राहत नाही. कर्जाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या दरावर मांडू नका.

आता त्या तरुणाचा हिशेब पाहू. पाच एचपी पंपाला साधारण पाच किलोवॅटची पॅनल लागतात. स्वच्छ उन्हात एक किलोवॅट दिवसाला सुमारे चार युनिटे देते, म्हणजे रोजची वीस. पंप १५० दिवस चालला आणि उरलेल्यांतले ढगाळ दिवस वगळून दीडशे दिवस चांगले धरले, तर तीन हजार युनिटे वाया जातात. तीन रुपये दर धरला तरी नऊ हजार रुपये. हा ढोबळ हिशेब आहे, पण आकडा काही थोडाथोडका नाही.

आणि एक कळकळीची सूचना. सौरपंपाची वायर आपल्या मनाने खांबाला जोडू नका! लाईन बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढतो आणि तुमची वीज खालून तारेत येते. माणूस जागीच जाईल. तारेला जोडायचा इन्व्हर्टर वेगळा असतो. लाईन गेली की तो आपोआप बंद पडतो. मीटरही दोन्हीकडून मोजणारे लागते. कंपनीची परवानगी आणि करार यांशिवाय हे काम करायचे नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राने थोडी वेगळी वाट धरली. एकेका पंपाऐवजी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या टप्प्यातले एकूण १९ मेगावॅटचे पाच प्रकल्प देशाला अर्पण झाले. त्यांत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, वैजापूर तालुक्यातले धोंदलगाव आहे.

म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर उपकेंद्राच्या शेजारी आहे. पण फक्त वरून प्रकल्प येण्याची वाट पाहत बसू नका. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळी, पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत :

१. आपले गाव कोणत्या उपकेंद्रावर आहे, शेतीचा फीडर वेगळा आहे का, त्यावर किती पंप आहेत, याची यादी ग्रामपंचायतीत ठेवा.

२. उपकेंद्राजवळची पडीक, मुरमाड जमीन आधी दाखवा. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. काळी कसदार जमीन पॅनलखाली घालू नका.

३. गायरान द्यायचे असेल तर ग्रामसभेत उघड चर्चा करा. शेळ्या-मेंढ्यावाल्यांना आधी बोलवा, त्यांची सोय आधी ठरवा. ठराव नंतर. नाहीतर प्रकल्प उभा राहील आणि गाव दुभंगेल.

४. भाडेपट्ट्याचा करार वकिलाकडून वाचून घ्या. मुदत किती, भाडे कोणत्या तारखेला, वारसांचे काय, मुदत संपल्यावर सामान कोण काढणार, हे चार मुद्दे कागदावर हवेत.

५. पॅनल धुणे, गवत काढणे, राखण या कामांसाठी गावातल्या मुलामुलींची नावे आधीच द्या.

६. वीज कंपनीच्या शाखा अभियंत्याला ग्रामसभेला बोलवा. भांडायला नव्हे, फीडरची अडचण समजून घ्यायला. मुठीने ऑटोस्टार्टर सगळ्यांनी लावले तर लाईट आल्याबरोबर सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते, हे त्यांच्या तोंडून ऐकलेले बरे. कॅपॅसिटर बसवण्याचे काम तर उद्याच करता येते, त्याला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

नवी कल्पना शेतकऱ्याला सुचू शकते, मास्तरला सुचू शकते, आयटीआय झालेल्या पोराला सुचू शकते. पण तार कंपनीची आहे. तिच्याशी जुळवून घेतल्याशिवाय कल्पना बांधावरच राहते. ढुंडीने ते जुळवले, कारण माणसे आधी आपापसांत जुळली.

त्या आजोबांकडे पुन्हा गेलो तेव्हा हे सगळे सांगितले. त्यांनी तंबाखू मळत मळत ऐकले आणि एवढेच म्हणाले, "गावात जागा हाये की, उपकेंद्राच्या मागं, नुसता खडक. पण इचारलंच न्हाई कुणी." बंधूंनो, तुमच्या गावातही तसा खडक असेल. येत्या ग्रामसभेत विचारून तर पाहा.