तपकिरी रंगाची साक्ष

हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी बेळगाव-खानापूरकडची मराठी माणसंही हुबळीची वाट धरतात. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासला की रिपोर्टात पेशींवरच्या-पेशींतल्या तीन खुणांची नावं येतात: ईआर, पीआर, हर-टू. ही ‘आयएचसी’ (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) तपासणी बहुतेकदा चालते मोनोक्लोनल अँटिबॉडीवर, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेल्या आणि एकच खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडावर. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी ती बनवण्याची रीत शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

मेणात बसवलेल्या तुकड्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचपट्टीवर घेतात, त्यावर अँटिबॉडी सोडतात. खूण असेल तिथेच ती चिकटते. पुढच्या रसायनांनी तिथे तपकिरी रंग उमटतो. हर-टूच्या तपासणीत पेशींभोवती गडद, सलग तपकिरी कडा दिसली की ३+. अशा रुग्णाला ट्रॅस्टुझुमॅब देता येतं, आणि हे औषधही मोनोक्लोनल अँटिबॉडीच. २+ आलं तर निकाल अधांतरी; ‘फिश’ ही जनुकाची तपासणी करावीच लागते.

सगळ्यात नाजूक टप्पा मात्र प्रयोगशाळेच्या आधीचा. काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिला पाहिजे. सलाइनमध्ये तसाच राहिला तर खूण पुसट होते, रिपोर्ट चुकू शकतो. तुकड्याची बाटली नातेवाइकांच्या हाती दिली, तर आत काय भरलंय हे जरूर विचारा.