सोरपोतेल
सोरपोतेल (सरपोतेल) हा डुकराचे मांस आणि त्याचे यकृत, हृदय, जीभ, मूत्रपिंडे इत्यादी अवयव एकत्र शिजवून केला जाणारा मसालेदार पदार्थ आहे. तो मूळचा पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातील असून पोर्तुगीज राजवटीत (इ.स. १५१०–१९६१) गोव्यात रुजला. ईशान्य ब्राझीलमध्येही तो केला जातो.

कृती
मांस व अवयव प्रथम उकडून त्यांचे बारीक चौकोनी तुकडे करतात. ते चरबीत परतून, सुक्या लाल मिरच्या, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, आले व लसूण शिरक्यात वाटून केलेल्या मसाल्यात मंद आचेवर शिजवतात. गोव्यात यासाठी माडीचा शिरका वापरतात. काही ठिकाणी डुकराचे रक्तही घालतात.

वैशिष्ट्ये
इतर मांसापेक्षा अवयव लवकर नासतात. शिरक्यातील आम्लामुळे जिवाणूंची वाढ मंदावते. त्यामुळे शीतकपाट नसतानाही हा पदार्थ काही दिवस टिकवता येई. मुरल्यावर त्याची चव वाढते, म्हणून तो समारंभाच्या दोन-तीन दिवस आधीच करून ठेवतात व अधूनमधून गरम करतात. एरवी दुय्यम मानल्या जाणाऱ्या अवयवांना अशा रीतीने नाताळ आणि लग्नाच्या पंगतीत मानाचे स्थान मिळाले. गोव्यात सोरपोतेल सान्नांबरोबर, तर मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात फुग्यांबरोबर खातात.

आहारदृष्ट्या
यकृतात लोह व अ जीवनसत्त्व विपुल असते. मात्र अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून ते पूर्ण शिजवणे आवश्यक असते.