विश्लेषण : रात्री दहाला गाणं का थांबतं? मोताळ्याच्या मंडपापासून पुण्याच्या ‘सवाई’पर्यंत एकच नियम

यात्रा असो, गणेशोत्सव असो की लग्नाची वरात. मोताळा तालुक्यातल्या गावांत कार्यक्रमाला गर्दी होते ती रात्रीच. शेतातली कामं, गुरांचं चारापाणी आणि जेवणं उरकून माणसं मंडपात पोहोचतात तोवर नऊ वाजतात. गाण्यात रंग भरायला लागतो आणि तेवढ्यात आयोजकांना घड्याळाकडे पाहावं लागतं. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. हा नियम नेमका काय आहे, त्यात सूट कोणाला आणि मोकळ्या जागेतल्या कलांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा हा आढावा.

नियम नेमका काय सांगतो?

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ लागू केले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ‘रात्र’ मानली जाते. या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. २०१० मधील दुरुस्तीने वाद्यांचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे ‘डीजे बंद केला, आता ढोल-ताशा वाजवू’ ही पळवाट चालत नाही. सभागृह, मंगल कार्यालय यांसारख्या बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरता आवाज ठेवल्यास मात्र मुभा आहे. दिवसाही ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर लेखी परवानगी घ्यावीच लागते.

आवाजाची मर्यादा किती?

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेच्या, म्हणजे व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. सार्वजनिक कार्यक्रमात मैदानाच्या सीमेवर मोजलेला आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी असेल, त्याच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे वस्तीतल्या मंडपाच्या कडेला सायंकाळी ६५ डेसिबल ही कमाल मर्यादा ठरते.

डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. २० वाढले की शंभरपट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी दिलेल्या मानकात श्रोत्यांच्या जागी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली आहे. डीजेच्या भिंतीजवळ नाचणाऱ्यांच्या कानावर त्याहून मोठा आवाज सहज आदळतो. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ, हृदयरोगी किंवा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी यांना तर तो टाळण्याची सोयच नसते.

मग बारापर्यंत परवानगी कधी मिळते?

सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून एकूण १५ दिवस रात्री १० ते १२ अशी सूट देऊ शकते. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. जिल्ह्याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून प्रसिद्ध होते. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, ३१ डिसेंबर असे दिवस त्यात साधारणपणे असतात. गावच्या यात्रेचा दिवस यादीत नसेल तर दहाची वेळच लागू राहते. सुट्टीच्या दिवशीही आवाजाची मर्यादा उठत नाही. फक्त वेळ वाढते. बारानंतर तर यादीतल्या दिवशीही मोकळीक नाही.

न्यायालयांची भूमिका काय?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यामागचं सूत्र. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १५ दिवसांच्या सवलतीचा नियमही न्यायालयाने वैध ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं स्पष्ट केलं आणि तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असे निर्देश पोलिसांना दिले. गावात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तक्रार केली म्हणून उद्या त्याच गल्लीत वैर नको, या धास्तीने अनेक जण गप्प बसतात.

कलांवर काय परिणाम झाला?

सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचं. सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू झालेला महोत्सव पं. भीमसेन जोशी यांनी वाढवला. रात्रभर जागून पहाटेच्या मैफलीपर्यंत थांबणारे श्रोते ही त्याची ओळख होती. वेळेच्या बंधनानंतर महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला आणि दिवसांची संख्या वाढत पाचवर गेली. एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी मिळते, एवढंच. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर असतात. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग आणि पहाटेचा ललित अशा मोकळ्या मैदानावरच्या मैफलीत ऐकायला मिळणं त्यामुळे दुर्मीळ झालं.

तमाशाची अडचण याहून मोठी. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा त्याचा क्रम. वग रंगायचा तो मध्यरात्रीनंतर. दहाची मर्यादा पाळायची तर गण-गवळणीतच वेळ संपते. फडाचं वर्षाचं गणित यात्रांच्या सुपाऱ्यांवर चालतं. खेळ अर्ध्यावर थांबला की पुढच्या वर्षीची सुपारी धोक्यात येते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटकं तर रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा रात्रीच्या कलेला नियमात वेगळी जागा नाही.

आयोजकांनी काय करावं?

परवानगीचा अर्ज आधीच पोलीस ठाण्यात द्यावा आणि बारापर्यंतच्या दिवसांची यादी तपासून तारीख ठरवावी. पत्रिकेवर वेळ सहाची छापून प्रत्यक्षात साडेआठला पडदा उघडणं थांबवलं, तर दोन-अडीच तास हातात येतात. सत्कार आणि भाषणं कार्यक्रमाच्या मध्ये न ठेवता आधी उरकली तर कलावंताला सलग वेळ मिळतो. ध्वनिक्षेपकाचं तोंड घरांकडे नको, श्रोत्यांकडे हवं. एकाच बाजूला मोठी भिंत उभारण्याऐवजी लहान स्पीकर ठिकठिकाणी लावले तर मागच्या रांगेलाही ऐकू येतं आणि शेजाऱ्यांना त्रास कमी होतो. रात्रभराचा भजन-जागर असेल तर सभागृहासारखी बंदिस्त जागा बघावी आणि आवाज आतल्या आत ठेवावा. बाहेरगावाहून येणाऱ्यांनाही वेळेवर संपणारा कार्यक्रम सोयीचा पडतो. राजूर घाट चढून बुलढाण्याला किंवा मलकापूरकडे परतायचं असेल तर मध्यरात्रीपेक्षा दहाची वेळ बरी.

त्रास होत असेल तर?

११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. ठिकाण आणि वेळ नेमकी सांगावी. नियमभंग झाल्यास साहित्य जप्त होऊ शकतं. पर्यावरण संरक्षण कायद्यातील बदलानुसार एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लग्नाच्या वरातीत डीजे ठरवताना हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.