खरखर जिरवणारा कंडेन्सर

पंखा नुसता गुरगुरला आणि फिरलाच नाही, की पेणच्या कुठल्याही घरात निदान ठरलेलं: कंडेन्सर गेला. दोन-अडीच मायक्रोफॅरडचा तो डबा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचीच भावंडं रेडिओत बसलेली असतात. तिथलं त्यांचं काम जास्त नाजूक, पण त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

मध्यम लहरींच्या रेडिओला पेण-रोह्याचा मुलूख तसा सोयीचा. आकाशवाणी मुंबईचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक मालाडला. सरळ रेषेत पेण तिथून ५५ किलोमीटरच्या आसपास, रोहा ८५च्या पुढे. या लहरी जमिनीला धरून चालतात आणि ओली, खारी जमीन त्यांना चांगली मानवते. धरमतरची खाडी आणि पेणची खारजमीन त्यांना आडवी येत नाही, उलट मदतच करते. एफएमचं तसं नाही, त्याला मधला डोंगर नडतो. म्हणजे मुंबईचा आवाज इथवर येतो. प्रश्न असतो तो त्याच्यासोबत आणखी काय काय येतं याचा.

कुंडलिकेच्या वरच्या अंगाचं टाटांचं भिरा जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र बोलू लागलं. आवाज आणि तो बिघडवणारी वीज या भागात जोडीनेच आली म्हणायची. विजेच्या त्रासाची धास्ती तर जिल्ह्याला त्याआधीपासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली होती. वेधशाळा हलवता येते. रोह्याच्या घरातला रेडिओ धाटावच्या कारखान्यांपासून आणि रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांपासून दूर कुठे नेणार? बंदोबस्त सेटच्या आतच करावा लागतो.

आधी स्टेशन लावण्याची गोष्ट. रेडिओची चकती फिरवताना आपण फिरवतो ती गँग, म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन बदलते कंडेन्सर. जुन्या सेटमध्ये अॅल्युमिनियमच्या पाकळ्या एकमेकींत सरकताना दिसतात. ट्रान्झिस्टरमध्ये तेच काम प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत चालतं. गँगचा पहिला भाग फेराइटच्या दांडीवरच्या कॉइलला जोडलेला असतो. कॉइल आणि कंडेन्सर मिळून एकाच कंपनसंख्येला जोरदार दाद देतात, बाकीच्यांना फारशी नाही. कॉइल २५० मायक्रोहेन्रीची धरली, तर ५५८ किलोहर्ट्झवरच्या अस्मिता वाहिनीसाठी सुमारे ३२५ पिकोफॅरड लागतात आणि १०४४ किलोहर्ट्झसाठी जेमतेम ९३. कंपनसंख्या दुपटीलाही पोचली नाही, पण धारकता साडेतीन पट उतरवावी लागली, कारण हिशेब वर्गाचा आहे. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ हा सगळा पट्टा, म्हणजे तिप्पट मजल, गाठायची तर धारकता नऊ पट बदलायला हवी.

खरी कसरत गँगच्या दुसऱ्या भागाची. सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे आतच स्वतःची लहर तयार करणारा भाग, नेहमी स्टेशनच्या ४५५ किलोहर्ट्झ पुढे ठेवावा लागतो. ५५८साठी १०१३, १०४४साठी १४९९. म्हणजे त्याची मजल ९८६ ते २०५७, दुपटीहून जराच जास्त, आणि तिथे धारकता साधारण ४.३५ पटच बदलली पाहिजे. दांडा एक, हिशेब दोन! म्हणून ऑसिलेटरच्या वाट्याला पॅडर नावाचा कंडेन्सर मालिकेत जोडतात, नाहीतर त्या बाजूच्या पाकळ्याच लहान ठेवतात. बारीक फरक ट्रिमरच्या स्क्रूने काढायचा. हे दोन भाग जमले नाहीत की स्टेशन काट्यावर येतं, पण आवाज मेल्यासारखा असतो. अशा वेळी लोक उगाच स्पीकरला दोष देतात.

आता खरखर. पेणच्या खारजमिनीतली उघाडी भरतीचं पाणी बाहेर अडवते आणि ओहोटीला आतलं सोडून देते. कंडेन्सरची निवड अशीच, फक्त दिशेऐवजी वेगावर. स्थिर दाबाची वीज तो अडवतो, झपाट्याने बदलणारी जाऊ देतो. ०.१ मायक्रोफॅरडच्या, अंगावर १०४ लिहिलेल्या टिकलीचा विरोध ५० हर्ट्झला जवळपास ३२ हजार ओहम असतो आणि एक मेगाहर्ट्झला अवघा १.६ ओहम. ती पुरवठ्याच्या तारेपासून जमिनीकडे, म्हणजे अर्थला जोडली, की ठिणग्यांची खरखर तिथूनच परस्पर निघून जाते आणि पुरवठ्याला धक्का लागत नाही.

घरच्या विजेवर चालणाऱ्या सेटमधली घुंघुं वेगळी. डायोडच्या पुलातून आलेली वीज सेकंदाला शंभर वेळा उसळते आणि पडते. हजारेक मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक उसळीला भरून घेतो, पडतीला पुरवतो. वर्षं गेली, आतला द्राव सुकला की त्याची ताकद सरते आणि बातम्यांच्या मागे भुंगा लागतो. जुन्या सेटमध्ये माझा पहिला संशय नेहमी यावरच.

हल्लीचा मोठा उपद्रव मात्र सेटच्या बाहेर आहे. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्याचे पडसाद थेट मध्यम लहरींत उतरतात. दोन-चार रुपये वाचवायला त्यांच्यातला फिल्टर गाळलेला असतो. पैसे वाचतात बनवणाऱ्याचे, कान किटतात शेजाऱ्याचे. वीज गेली की सेलवरचा ट्रान्झिस्टर एकदम स्वच्छ बोलू लागतो, त्याचं कारण हेच. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्याची वीज आणि मोबाइल दोन्ही झोपवले. अशा दिवसांसाठी एक चालता सेट घरात असायला हवा.

तेव्हा माळ्यावरचा रेडिओ भंगारात घालण्याआधी एकदा दुरुस्तीला न्या. स्वतःच उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही थांबा. व्हॉल्व्हच्या सेटमधल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. रेझिस्टन्स लावून तो रिकामा करा, मीटरने खात्री करा आणि मगच आत हात घाला.