दाराची मागची बाजू



गेल्या वर्षी आमच्या सुतारकामाच्या वर्गातून बाहेर पडलेल्या एका मुलाने पहिलीच ऑर्डर घेतली: पाटणमधल्या एका घरासाठी कपाटाची दोन दारे. प्लायवूडवर सागवानी विनियर चिकटवून, पॉलिश करून त्याने ती मे महिन्यात बसवून दिली. जुलैत दोन्ही दारांना बाक आला, ती लागेनात. मालकाने उरलेले पैसे थांबवले आणि नव्या प्लायचा खर्च मुलाच्या अंगावर आला. चूक त्याची नव्हती. मागच्या बाजूला काही लावू नकोस, तेवढाच खर्च वाचेल, असे मीच त्याला सांगितले होते. कराडच्या एका जुन्या मिस्त्रींनी ती दारे पाहून एवढेच विचारले, "मागची बाजू उघडी का ठेवली?" त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्या शिकाऊ मुलांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे लिहीत आहे.

विनियर म्हणजे काय?

विनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ काप, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. एक इंच जाडीच्या सागवानी फळीएवढ्या लाकडातून हिशेबाने असे पन्नास काप निघतात. त्यामुळे सागवानाचे रूप कमी पैशांत मिळते आणि झाडेही कमी तुटतात. पण तो काप कितीही पातळ असला तरी लाकूडच असतो. तो पाणी पितो आणि फुगतो, सुकतो आणि आकसतो. हे फुगणे-आकसणे रेषांच्या लांबीत अगदी थोडे असते, आडव्या दिशेने मात्र बरेच असते.

बाक का येतो?

वाळत घातलेला पापड आठवा. उन्हाकडची बाजू आधी सुकते आणि कडा वर उचलतात. दाराचेही तसेच होते. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते. विनियर ते पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि मग सुकताना आकसून प्लायला आपल्याकडे ओढते. मागे तेवढीच ओढ नसेल, तर दार विनियरच्या बाजूला खोलगट होते. त्यात आपला पावसाळा. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि महिना-महिना हवा ओली असते. पॉलिश केलेली बाजू ओल हळू घेते, उघडी मागची बाजू भराभर घेते आणि फुगते. मग बाक आणखी वाढतो.

प्लायवूडमध्ये थरांची संख्या विषम असते आणि प्रत्येक थराच्या रेषा शेजारच्या थराला आडव्या असतात, ती हा तोल राखण्यासाठीच. एकाच बाजूला नवा थर चढवला की तो तोल आपणच मोडतो. म्हणून पुढे लावाल तेवढ्याच जाडीचा थर मागेही लावा. मागे सागवानच हवे असे नाही, स्वस्त जातीचे विनियर चालते. तयार ४ मिमीचा टीक प्लाय किंवा सनमायका लावतानाही हाच नियम पाळावा.

पहिला सराव: एक फुटाचा चौरस

थेट दारावर हात घालू नका. १२ मिमी प्लायचा एक फुटाचा तुकडा घ्या. प्लायवर आयएसआय खूण पाहा. ‘एमआर’ म्हणजे ओल सोसणारा, पाण्यात टिकणारा नव्हे. मोरीजवळच्या कामाला आयएस ७१० लिहिलेला प्लाय घ्यावा.

१. प्लाय आणि विनियर दोन-चार दिवस एकाच खोलीत आडवे ठेवा, म्हणजे दोन्हींची ओल सारखी होईल. प्लाय भिंतीला टेकवून ठेवू नये.

२. विनियर चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त कापा. धारदार कटर आणि लोखंडी पट्टी वापरा. एका दमात कापू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. विनियरच्या रेषा प्लायच्या वरच्या थराला आडव्या येऊ द्या.

३. गोंद प्लायला लावा, विनियरला नव्हे. ओले झालेले विनियर लगेच गुंडाळते. पोळीला तूप लावतो तसा पातळ, सगळीकडे सारखा थर द्या आणि कडा विसरू नका.

४. विनियर ठेवून मधून कडांकडे दाबत जा, म्हणजे हवा बाहेर पडेल. लगेच उलटून मागची बाजूही तशीच करा.

५. दोन्हीकडे प्लास्टिकचा कागद ठेवून तुकडा दोन जाड, सपाट फळ्यांमध्ये धरा आणि शिकंजे आवळा. शिकंजे नसतील तर विटा किंवा पाटे ठेवा, पण वजन सगळीकडे सारखे पडू द्या. रात्रभर हलवू नका. पावसाळ्यात पूर्ण एक दिवस ठेवा.

६. नखाने सगळीकडे वाजवून पाहा. आवाज पोकळ आला तर तिथे रेषेच्या दिशेने बारीक चीर द्या, आत थोडा गोंद सारा आणि वर कागद ठेवून कोमट इस्त्री दाबा. पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि पुन्हा धरतो.

७. दर्शनी बाजू खाली ठेवून जास्तीच्या कडा कापा. मग १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच, हलका फिरवा. अर्धा मिलिमीटर घासून जायला वेळ लागत नाही, खाली प्लाय दिसला की काम गेले. तोंडाला फडके बांधा. वर आलेला गोंद पूर्ण काढा, त्यावर पॉलिश चढत नाही.

८. पॉलिशचे हात जेवढे पुढे, तेवढेच मागे.

हा तुकडा पूर्ण पावसाळाभर घरात राहू द्या. दर आठवड्याला त्यावर पट्टी उभी धरून पाहा. दिवाळीपर्यंत तो सरळ राहिला, तर दाराची ऑर्डर घ्या आणि दर सांगताना मागच्या बाजूचा खर्च त्यात आधीच धरा. गिऱ्हाईक म्हणेल, "मागे कोण बघतंय?" त्याला तुमचा सरळ तुकडा दाखवा.

त्या मुलाने दोन्ही दारे पुन्हा केली, या वेळी दोन्ही बाजूंनी. नव्या प्लायचे निम्मे पैसे मी दिले, कारण चुकीचा सल्ला माझा होता. जुनी बाक आलेली दारे आता आमच्या वर्गात भिंतीला लावली आहेत. नवीन मुलगा आला की त्याला आधी तीच दाखवतो.