काळ्या पट्ट्या व्हिडिओत नकोत
अल्ट्रावाइड मॉनिटरवर रेकॉर्ड केलेला गेमप्ले बहुधा 2560×1080 किंवा 3440×1440 पिक्सेलचा असतो. बाजारात याला 21:9 म्हणतात. एडिटिंगचा प्रोजेक्ट मात्र सवयीने 1920×1080, म्हणजे 16:9 ठेवला जातो आणि घोळ तिथेच होतो. 2560×1080 चं चित्र त्यात बसवलं की ते 1920×810 होतं; वर आणि खाली 135-135 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. एक्स्पोर्ट केल्यावर त्या चित्राचाच भाग होतात. मग अल्ट्रावाइड स्क्रीनवर पाहणाऱ्याला चारही बाजूंनी काळी चौकट दिसते आणि मधे आक्रसलेला खेळ. पट्ट्या घालवायला चित्र उंचीभर वाढवलं, तर दोन्ही कडांचे 320-320 पिक्सेल कापले जातात. कोपऱ्यातला नकाशा, उरलेल्या गोळ्यांचा आकडा नेमका त्यातच जातो. दाबून बसवणं सर्वांत वाईट: गाडीची चाकं उभट, अंडाकृती दिसतात.

म्हणून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास आणि आउटपुट, दोन्हींचं गुणोत्तर रेकॉर्डिंगपूर्वीच स्क्रीनशी जुळवावं. प्रोजेक्टही त्याच मापाचा घ्यावा. लागतील तिथे पट्ट्या यूट्यूबचा प्लेअर स्वतः दाखवतो. शॉर्ट्ससाठी 1080×1920 चा उभा प्रोजेक्ट वेगळा करावा.